सायकल, किल्ले आणि थकबाकी

जिथे माणसे लढून मेली त्या वाटेने मजा म्हणून सायकल फिरवावी की नाही, हा प्रश्न गीतेत अर्जुनाने विचारलेला नाही. त्याच्याकडे रथ होता आणि रथ हाकायला साक्षात भगवान होते. सायकलवाल्याला पायडलही स्वतःच मारावे लागते आणि प्रश्नही स्वतःच सोडवावा लागतो. त्यातून मी पडलो बँकेतला कारकून आणि शिक्षणाने बी. कॉम. आमच्या अभ्यासक्रमात पाप आणि पुण्य हे विषय नव्हते; नावे आणि जमा हे दोनच होते. पण पुढे आयुष्यात असे दिसून आले की, बऱ्याचशा नैतिक प्रश्नांना हे दोन रकाने पुरतात. निदान सुरुवात तरी करता येते.

हा प्रश्न आमच्या घरात आणला तो भाच्याने. भाचा बोईसरला एका कारखान्यात आहे आणि त्याच्याकडे एकवीस गिअरची डोंगरी सायकल आहे. आमच्या वेळी सायकलला गिअर नसे, गार्ड असे, घंटी असे आणि मागे बसलेली धाकटी बहीण असे. असो. एका संध्याकाळी भाच्याने मला मोबाइलवर इटलीतले डोंगर दाखवले. पहिल्या महायुद्धात, १९१५ ते १९१८ या काळात, इटली आणि ऑस्ट्रिया यांच्या फौजा आल्प्सच्या त्या कड्यांवर समोरासमोर बसल्या होत्या. तोफा आणि खेचरे वर न्यायला सैनिकांनी डोंगर फोडून वाटा काढल्या. पासुबियो नावाच्या डोंगरावर तर इटालियन सैनिकांनी १९१७ साली बावन्न बोगद्यांची एक सबंध वाट खोदली. आता त्या भागातल्या जुन्या लष्करी वाटांवर जगभरातले सायकलवाले हौसेने फिरायला येतात.

"बोगद्यांतून सायकल?" मी विचारले.

"नाही मामा, त्या बावन्न बोगद्यांच्या वाटेवर सायकलला बंदी आहे."

"बरोबर आहे. हुतात्म्यांचा मान ठेवायला नको?"

"मानाचं नाही हो. लोक कड्यावरून खाली पडायचे."

म्हणजे बंदी होती ती मेलेल्यांच्या आदरापोटी नव्हे, तर त्यांच्या संख्येत भर पडू नये म्हणून. पण तेवढ्यात भाच्याने पुढचे पान उघडले होते. "मग आपल्याकडे काय कमी आहे?" तो म्हणाला.

"डोंगर," मी म्हणालो.

त्याने ते मनावर घेतले नाही. त्याने नकाशाच काढला होता. पालघरहून निघायचे, माहीम, केळवे, मग उलटे वर शिरगाव, सातपाटी, तिथून खाडीला वळसा घालून बोईसर, पुढे तारापूर, आणि बोईसर-उमरोळीवरून परत पालघर. या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी माळेत मणी ओवावेत तसे लहानमोठे कोट ओवले होते. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी १७३९ च्या सुरुवातीला हे मणी एकेक करून तोडले आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसईचे पदक काढून घेतले. आता त्या फौजेची वाट जशीच्या तशी उरलेली नाही. पण वाडीतली पायवाट, बंधाऱ्यावरची माती आणि सुरूच्या बनातली वाळू असे तुकडे जोडत गेले की माणूस कोटाकोटाने तारापूरपर्यंत पोचतो. सोजीर आणि मावळे पायी गेले. आपण निदान चाकावर जावे, असा भाच्याचा विचार.

हे बोलणे चालले असताना शेजारचे गुरुजी आमच्याकडे वर्तमानपत्र परत द्यायला आले होते. गुरुजी शिक्षक म्हणून निवृत्त झाले, पण शिकवण्यातून झालेले नाहीत. ते दारातच थबकले.

"सहल? तिथं रक्त सांडलंय, बाबा. देवळात जाताना आपण चप्पल काढतो, आणि तुम्ही घंटी वाजवत जाणार?"

"गुरुजी," भाचा म्हणाला, "रक्त कुठे सांडलं नाही तेवढं सांगा, तिकडे जाऊ."

यावर गुरुजींना उत्तर सुचेना आणि मलाही. भाच्याचे म्हणणे खोडता येत नव्हते. पानिपतावर आज गहू पिकतो आणि तो लोक पोळ्या करून खातात. पण गुरुजींचे म्हणणेही टाकण्याजोगे नव्हते. ज्या जागी कुणाचे तरी सर्वस्व गेले, तिथे आपल्याला काहीच वाटू नये, हेही काही माणसाचे लक्षण नव्हे. शेवटी निकाल सौभाग्यवतींनी दिला, तोही पोह्यांवर खोबरे पेरता पेरता. "पंढरीच्या वाटेवर वारकरी फुगड्या घालतात की नाही? मग? विठोबा रागावला असं अजून ऐकलं नाही मी." आणि मग माझ्याकडे पाहून, "तुम्हाला झेपेल का तेवढं बघा."

गुरुजी म्हणाले, "मीही येतो." त्यांच्याकडे चोवीस इंची काळी सायकल आहे. माझ्यासाठी भाच्याने मित्राची आणली. तिचे आसन इतके अरुंद होते की ते बसण्यासाठी आहे की मत देण्यासाठी आहे, हेच कळेना.

रविवारी पहाटे निघालो. पालघरमध्येच पहिला थांबा होता, कारण या फेरीत दोन युद्धे येतात. दुसरे आहे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले. १४ ऑगस्ट १९४२ रोजी, 'चले जाव'चा ठराव होऊन जेमतेम आठवडा झाला होता, तेव्हा सातपाटी, मुरबे, नांदगाव अशा आसपासच्या गावांतून माणसे चालत पालघरला आली. त्यांच्या हातात बंदुका नव्हत्या. पोलिसांच्या हातात होत्या. त्या दिवशी काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामचंद्र चुरी, सुकुर मोरे आणि रामप्रसाद तिवारी हे पाच जण गोळीबारात गेले. त्यांच्या स्मारकाच्या चौकाला लोक पाचबत्ती म्हणतात. दर १४ ऑगस्टला पालघरकर तिथे जमतात, गावातले व्यवहार बंद ठेवतात आणि त्या पाच जणांना आठवतात. इतर दिवशी तिथे रिक्षा वळतात.

गुरुजींनी चप्पल काढून हात जोडले. भाच्याने फोटो काढला. मी मधे उभा राहिलो, कारण दोन सायकली धरायच्या होत्या.

तिथून माहीमकडे जाताना दोन्ही बाजूंना वाड्या लागतात. पानवेली, सुपारी, नारळ, केळी. सकाळी त्या सावलीतून जाताना वाटते की, या वाटेने फौज गेली असेल तर तिने तरी लढाईचा विचार का करावा? केळव्याला समुद्रालगत सुरूच्या झाडीत एक छोटा कोट वाळूत रुतून बसलेला आहे. कोट म्हणायचे म्हणून. एखाद्या मोठ्या बँकेची तिजोरी याहून ऐसपैस असते. त्याच्या सावलीत एक कुटुंब भेळ खात होते आणि त्यांचा मुलगा प्लास्टिकची तलवार घेऊन वाळूवर हल्ला करीत होता. गुरुजी काहीतरी बोलणार होते, पण त्या मुलाने त्यांच्याकडे पाहून सलाम ठोकला. गुरुजींनीही ठोकला.

वाळूत सायकल चालत नाही, ढकलावी लागते, हे ज्ञान मला तिथे झाले. एकवीस गिअर असले तरी ढकलण्याचा गिअर एकच असतो.

शिरगावचा कोट मात्र नीट उभा आहे. आत फांद्या फुटलेला ताड आहे. एरवी ताडाला फांद्या नसतात. हा अपवाद पाहायला लोक मुद्दाम येतात. कोटात कोण मेले हे कुणी विचारत नाही, ताड कुठे आहे हे सगळे विचारतात. पुढे सातपाटीला सुकत टाकलेल्या मासळीचा वास आला तेव्हा भाच्याने माहिती पुरवली की, पापलेटला २०२३ साली महाराष्ट्राचा राज्य मासा जाहीर केले आहे. मासा राजपदाला चढला, पण त्यामुळे त्याचे ताटात येणे थांबलेले नाही. आपल्याकडे सन्मान आणि व्यवहार ही दोन स्वतंत्र खाती असतात, असे मी गुरुजींना म्हणालो. त्यांना ते आवडले नाही. पण माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला तो तिथेच. सातपाटीच्या किनाऱ्यावरून समोर खाडीपलीकडे मुरबे दिसत होते आणि १९४२ साली तिकडून निघालेली माणसे माझ्या डोळ्यांसमोर येत होती.

या माणसांचे आपण काही देणे लागतो का? लागत असलो तर किती, आणि भरायचे कुणाकडे?

आमच्या धंद्यात याला नियम आहेत. कर्जाचा हप्ता नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादक. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे साध्या कर्जासाठी तीन वर्षांत दावा लावला नाही तर कर्ज मुदतबाह्य, मग कोर्टात कुणी दाद देत नाही. या हिशेबाने १७३९ चे देणे १७४२ लाच बुडीत गेले आणि १९४२ चे १९४५ ला. भाचा म्हणतो ते कायद्याला धरूनच आहे: झाले गेले, आता सायकल मारा.

पण त्याच कायद्यात एक चोरवाट आहे. मुदत संपायच्या आत ऋणकोने 'होय, एवढे देणे आहे' असे लिहून त्याखाली सही केली, की तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजायची. या एका सहीसाठी आम्ही कर्जदारांच्या मागे किती फिरतो ते आम्हालाच ठाऊक. कर्जदार चहा पाजतो, मुलाच्या लग्नाचे आमंत्रण देतो, सही मात्र देत नाही. तर पाचबत्ती म्हणजे काय? ती पालघरकरांची सही आहे. दर १४ ऑगस्टला ती नव्याने होते, त्यामुळे ते कर्ज मुदतबाह्य होत नाही. गुरुजी चप्पल काढून हात जोडतात तीही सहीच.

हे मी उमरोळीच्या अलीकडे एका टपरीवर, ऊस पिता पिता गुरुजींना सांगितले. ते इतके खूश झाले की रसाचे पैसे त्यांनी दिले.

"म्हणजे नमस्कार करायलाच हवा!" ते भाच्याकडे पाहून म्हणाले.

"हवाच," मी म्हणालो, "पण गुरुजी, सही म्हणजे भरणा नव्हे. नुसत्या सह्या करणाऱ्या कर्जदाराला बँकेत काय म्हणतात ते मी तुमच्यासमोर उच्चारणार नाही."

मग भरणा करायचा तरी कुठे? सावकार हयात नाहीत. बाजी भिवराव रेठरेकर हा पेशव्यांचा जिवलग सरदार तारापूरच्या लढाईत गोळी लागून पडला. त्याच्या आईला पेशव्यांकडून सांत्वनाचे पत्र गेले. पत्रापलीकडे त्या माउलीला कोण काय परत देणार होते? आणि ज्या तारापूरसाठी तो पडला त्याचे पुढे काय झाले? तो कोट विकाजी मेहरजी नावाच्या पारशी व्यापाऱ्याला इनाम मिळाला. हे मेहरजी बंधू हैदराबादेत मोठे सावकार होते. औरंगाबादच्या टांकसाळीतून त्यांच्या घराण्यातल्या पेस्तनजींच्या नावाने ओळखला जाणारा पेस्तनशाही रुपया निघत असे. त्यांनी निजामाच्या सरकारला प्रचंड कर्ज दिले, ते थकले आणि पेढी बसली. म्हणजे या वाटेवर रक्त देणाऱ्याचेही बुडाले आणि पैसा देणाऱ्याचेही. बँकवाल्याच्या डोळ्यांत पाणी आणणारा किल्ला महाराष्ट्रात हाच असेल.

आपल्या जुन्या लोकांनी मात्र याचा विचार करून ठेवला होता. माणूस जन्मतो तोच तीन कर्जे डोक्यावर घेऊन: देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. आता गंमत पाहा. पितृऋण वाडवडिलांकडून घेतलेले, पण ते फेडायचे मुलेबाळे वाढवून. ऋषींचे ऋण फेडायचे शिकून, आणि शिकलेले पुढे शिकवून. ज्याच्याकडून घेतले त्यालाच परत करायचे, ही अट त्यात नाहीच. घेतले मागच्याकडून, भरायचे पुढच्याकडे. आमच्या कुठल्याही शाखेत असा व्यवहार केला तर तपासनीस निलंबित करील, पण सृष्टीचा कारभार याच पद्धतीने चाललेला दिसतो.

बोईसर ओलांडून, औद्योगिक वसाहतीतल्या लॉऱ्या चुकवत आम्ही तारापूरच्या वाटेला लागलो. या बाजूला अणुवीज केंद्र आहे. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ सालच्या, वीज निर्माण करणाऱ्या भारतातल्या पहिल्या. चौथी २००५ सालची आणि तिसरी २००६ सालची. या दोन नव्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही किनाऱ्यावरची दोन गावे उठली आणि त्यांना आत, दुसऱ्या जागी वसवले गेले. हे मला वर्तमानपत्रातून माहीत होते. वर्तमानपत्रातले माहीत असणे म्हणजे काय, ते एका चहाच्या टपरीवर कळले.

तिथे एक साठीचे गृहस्थ बसले होते. आमच्या सायकली पाहून त्यांनी चौकशी केली. भाच्याने किल्ले, चिमाजी अप्पा, लढाई सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले.

"आमचं गाव पोफरण," ते म्हणाले.

"पण ते तर..." भाचा थांबला.

"हां. उठलं. नाव आम्ही बरोबर आणलं. समुद्र काय आणता आला नाही."

असे म्हणून ते हसले. आम्ही हसलो नाही. मग त्यांनी मी काय करतो ते विचारले. बँकेत म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. आमच्याच बँकेचे त्यांच्या वडिलांचे एक जुने पासबुक घरात होते. वडील गेले. पासबुकावर पत्ता जुन्या गावातला. ते दोनदा चौकशीला गेले, तर काउंटरवर पत्त्याचा पुरावा मागितला. "आता गावच नाही तर पुरावा कुठून आणू, साहेब? आणि रक्कम पण फार नाही. बाराशेच्या आत आहे. पण बाबांचे आहेत ना."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. भाच्यानेही पाहिले. दोघांचे एकमत झालेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

आता खरे सांगायचे तर मेलेल्या सावकाराइतका सोयीचा सावकार नाही. तो तगादा लावत नाही, त्याच्यापुढे वर्षातून एकदा फूल ठेवले की तो संतुष्ट असतो, आणि आपल्यालाही आपण फार कृतज्ञ आहोत असे वाटते. जिवंत सावकाराचे तसे नसते. तो टपरीवर भेटतो, चहा संपवायच्या आत विचारतो, आणि त्याचे काम सोमवारी सकाळी अकरा वाजता, नेमकी गर्दी असताना करायचे असते. चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे मान झुकवायला मला काहीच पडत नाही. पण माझ्या डोक्यावरचा पंखा ज्या विजेवर फिरतो तिच्यासाठी ज्यांनी घरे सोडली, त्यांच्यातला एक जण माझ्याच खिडकीशी उभा राहिला, तर मी त्याला काय म्हणतो, "बसा" की "उद्या या"? देशासाठी दिले असे आपण त्या पाच जणांबद्दल म्हणतो. या गृहस्थांनी तरी कुणासाठी दिले? फरक इतकाच की त्यांना कुणी विचारले नव्हते, आणि ते अजून जिवंत आहेत.

मी त्यांना सोमवारी वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणि पुनर्वसनाचे जे काही कागद असतील ते घेऊन यायला सांगितले. ते आले. दहा वर्षे कुणी हात न लावलेल्या खात्यातली रक्कम २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका वेगळ्या निधीत जाते, पण ती बुडत नाही. वारस आला की बँकेमार्फत परत मिळते. पुनर्वसनाच्या कागदावर जुने गाव आणि नवे गाव दोन्ही होती, म्हणजे पुरावा त्यांच्या ट्रंकेतच होता, फक्त तो कागद पुरावा आहे हे कुणीतरी सांगायला हवे होते. अर्ज भरला, सह्या झाल्या, आणि अर्ज पुढे गेला. एकूण वीस मिनिटे लागली. मागच्या रांगेत एक गृहस्थ घड्याळ पाहत होते. त्यांचे खाते मी नंतर पाहिले, त्यातही व्याज नियमित जमा होते.

याने पोफरणचे देणे फिटले असे मी म्हणणार नाही. व्याजाचा एक हप्ता आला, इतकेच. तारापूरच्या कोटाचे म्हणाल, तर आम्ही त्या रविवारी तोही पाहिला. तट अजून उभे आहेत, आत वाडी आहे. गुरुजींनी तिथेही चप्पल काढली आणि पायात काटा भरून घेतला. भाच्याने सुईने तो काढला आणि परतीच्या वाटेवर गुरुजींची काळी सायकल स्वतः चालवली. एकवीस गिअरच्या सायकलवर गुरुजी असे काही सुटले की बोईसरपर्यंत आम्हाला दिसलेच नाहीत. घंटी मात्र ऐकू येत होती.

तेव्हा त्या वाटेने सायकल जरूर फिरवावी. मोकळ्या वाटेवर, परवानगीचा कागद न दाखवता, रविवारी सकाळी हसत जाता येणे, यासाठीच तर ती पाच माणसे पालघरला चालत आली होती. मात्र कोट पाहून झाला की वाटेतल्या टपरीवर दहा मिनिटे थांबावे आणि शेजारी कोण बसले आहे ते विचारावे. चहाचे पैसे आपणच द्यावेत. ते गृहस्थ परवा पुन्हा आले होते. पैसे मिळाले, अकराशे अठ्ठेचाळीस रुपये आणि वर व्याज. आता त्यांच्या वस्तीतले आणखी चार जण पासबुके घेऊन येणार आहेत. मी त्यांना सकाळी साडेदहाला बोलावले आहे.